न थकणारे खांदे

बेसबॉल संघांची हंगामापूर्वीची सराव शिबिरं बंद झाल्याचं ठाऊक असूनही शरयू देवस्थळी मार्चमध्ये ॲरिझोनाला आलीच. मैदानाला कुलूप होतं. चेंडू फेकणाऱ्या पिचरांना न थकणारे कृत्रिम खांदे बसवले, तेव्हापासून हंगाम बाराही महिने चालायचा. कुणाचा खांदा हंगामभर टिकेल यावरून वर्षानुवर्षं इथे शेजारी बसून तिच्याशी हुज्जत घालणाऱ्या मैत्रिणीला, कुमुदला, तिने शिकागोला फोन लावला.

"आली नाहीस?"

"कशाला गं? रोजच मॅच असते. घरी बघते."

"बरं, यंदा कुणाचा खांदा टिकेल, सांग."

"अगं, आता सगळ्यांचेच टिकतात."

 मग कुमुदनेच विचारलं, "तिकडे ऊन फार आहे का?"

"आहे," शरयू म्हणाली. इतक्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदाच हवापाण्यावर बोलत होत्या.