सोंडेपुरती माती

शाडूचा गणपती स्वतःच्या हातांनी घडवण्यात गोपाळकृष्ण रिसबुडांचा फायदाच फायदा होता. मूर्ती घरची, कौतुक घरोघरचं, आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला दहा दिवस 'मीच केला' असं सांगायची सोय. शिवाय वाघोलीतल्या त्यांच्या सोसायटीने योगवर्गाच्या हॉलमध्ये ठेवलेल्या या कार्यशाळेत पंख्याखालची एकुलती एक खुर्ची त्यांनी सगळ्यांच्या आधी येऊन पटकावली होती. खुर्चीचं तोंड भिंतभर आरशाकडे होतं आणि शिकवणाऱ्या उल्काकडे पाठ होत होती. पण वारा मस्त लागत होता, आणि उल्काची मूर्ती आरशात स्वच्छ दिसत होती. मान वळवण्याचाही त्रास वाचला.

संध्याकाळी कुसुमताई मूर्ती न्यायला घरून पाट घेऊन आल्या, तेव्हा गणपती तयार होता. पोट अंमळ जास्त, एक कान लहान. पण आयुष्यात पहिल्यांदा माती मळलेल्या माणसाच्या मानाने झकास. गोपाळकृष्णांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता.

"छान झालाय हो," कुसुमताई म्हणाल्या. मग जरा वाकल्या. शेजारच्या टेबलांवरच्या मूर्तींवरून त्यांची नजर फिरली आणि पुन्हा घरच्या मूर्तीवर आली.

"अहो, सगळ्यांच्या सोंडा डावीकडे आहेत. तुम्ही उजव्या सोंडेचा केलात?"

"काहीतरीच काय! उल्काच्यासारखाच केलाय. अगदी बघून बघून."

"कुठे बघून?"

गोपाळकृष्णांनी आरशाकडे बोट दाखवलं. बोट हवेतच राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. नारायण पेठेतल्या थोरल्या भावाचा, अण्णांचा मेसेज होता. 'उजव्या सोंडेचा बसवताय. कडक असतो. सोवळं पाळावं लागतं, नैवेद्य वेळेवर लागतो, बाहेरचं काही चालत नाही. तुम्हांला झेपायचं नाही. दहाही दिवस मी येऊन राहतो.'

कुसुमताई मिळेल त्या खुर्चीत बसल्या. अण्णांचं एका वेळचं जेवण म्हणजेच वातीच्या लांबीपासून कोशिंबिरीच्या मिठापर्यंत तोंडी परीक्षा. ती दरवर्षी कशीबशी पार पडायची. आता दहा दिवस. आणि यंदा, मनगट धरलं म्हणून, लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मोदक बाहेरून सांगितले होते.

"आता झालं ते झालं," गोपाळकृष्ण म्हणाले. "त्याचीच तशी इच्छा असेल."

"असेल ना. मग उकड मळायला तोच येणार आहे का, सोवळं नेसून?"

कुसुमताईंनी उल्काला हाक मारली.

उल्काने येऊन ओलं बोट सोंडेवरून फिरवलं. "आज लक्षात आलं ते बरं, काकू. उद्या काहीच करता आलं नसतं. हळूच वळवून बघू."

ती हळूच वळवायला गेली आणि सोंड तिच्या हातात आली.

"पंख्याखाली बसला होतात ना काका? सुकलीये."

गोपाळकृष्णांनी डोळे मिटून घेतले.

"घाबरू नका. नवी लावू. थोडी ओली माती द्या."

माती नव्हती. ज्याच्या त्याच्या वाट्याची पिशवी ज्याने त्याने संपवली होती. रिसबुडांची तर पोटातच गेली होती.

"मग पोटातली घे," कुसुमताई म्हणाल्या. "नाहीतरी जास्तच आहे."

उल्काने पोट दाबून पाहिलं. "हेही सुकलंय, काकू. ओलं म्हणाल तर एवढाच."

एवढाच म्हणजे उंदीर. सगळ्यांत शेवटी केलेला, म्हणून अजून मऊ. लिंबाएवढा, कान टवकारलेला, लांब शेपटीचा.

त्याला कुणी विचारलं नाही. उल्काने त्याच्यातली निम्म्याहून जास्त माती काढून घेतली, तळव्यावर वळून लांबट केली. तुटल्या जागी टोकदार काडीने रेघोट्या मारल्या, त्याच मातीतली चिमूटभर पाण्यात कालवून लावली आणि नवी सोंड बसवून डावीकडे वळवली. कुसुमताईंनी आरशाकडे पाठ करून खात्री केली. दोनदा.

"आता अण्णांना काय कळवू?" गोपाळकृष्णांनी फोन हातात घेत विचारलं.

"लिहा, मघाचा फोटो आरशातला होता."

"हे खोटं झालं."

"आरसा तर खरा आहे ना? लिहा."

त्यांनी लिहिलं, नवा फोटो जोडला. मग तिघंही फोनकडे बघत राहिली.

'फोटो सरळ काढायला शिका,' अण्णांचं उत्तर आलं. कुसुमताईंनी अजून श्वास सोडला नव्हता. पाठोपाठ दुसरं आलं. 'बरं झालं. दहा दिवस पेठ सोडायची म्हणजे जिवावरच आलं होतं. पहिल्या दिवशी जेवायला येतो.'

"या म्हणावं," कुसुमताई म्हणाल्या. "हवं तर दोनदा जेवा म्हणावं." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की उल्काही हसली. मग गोपाळकृष्णांनीही, आपल्यालाच हसताहेत हे कळूनसुद्धा, हसून घेतलं.

मूर्ती पाटावर चढली. अण्णांची पेठ वाचली, कुसुमताईंचं मनगट वाचलं, गोपाळकृष्णांचं 'मीच केला' सोंडेखेरीज बाकी शाबूत राहिलं. या सगळ्याचा भुर्दंड ज्याला पडला, तो पाटाच्या कोपऱ्यात बसला होता. सुपारीएवढा, बिनशेपटीचा, आणि तरीही वर, देवाच्या हातातल्या मोदकाकडे बघत.