मिठाचा हात

पहिला घास पोटात गेला तसा सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला, अर्धा रिकामा केला आणि मान खाली घालून दुसरा घास घेतला.

सुनेने डाळ चाखली. खारट झाली होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली : बोलू नकोस.

तीही बोलणार नव्हतीच. तिचा नवरा गेल्यापासून सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून असत. आज सून पहिल्यांदा शिवणाच्या कारखान्यात कामावर गेली आणि संध्याकाळी परतली, तर दारातच फोडणीचा वास. आत सासूबाई पदर खोचून शेगडीपुढे उभ्या. त्यांच्या कामात खंड पडू नये म्हणून तिने चपला काढायला मुद्दाम वेळ लावला होता.

"कशी झालीय?" सासूबाईंनी विचारलं.

"छान," सासरे म्हणाले.

सासूबाई चमकल्या. या माणसाने जन्मभर ताटातल्या अन्नाला नावं ठेवली होती. चिमूटभर मीठ इकडचं तिकडे झालं की घर डोक्यावर घ्यायचा.

"छान? आणि तुम्ही म्हणताय?"

सासूबाईंनी स्वतःची वाटी तोंडाला लावली. मग ती खाली ठेवून त्या वाटीकडेच बघत राहिल्या.

"डाळ तिघांचीच घेतली होती गं," त्या सुनेला म्हणाल्या. "मनाला बजावून घेतली. मीठ मात्र चौघांचं पडलं. हाताला कोण सांगणार?"

सून उठली.

"त्यात काय एवढं, आई. थोडी डाळ आणखी शिजवते नि घालते तिच्यात. बाबा, एक बटाटा सोलून द्या बघू."

ज्यांनी कधी स्वतःचा पेला विसळला नाही, ते सासरे सुरी घेऊन बसले. सालाबरोबर निम्मा बटाटा खाली पडू लागला.

"अहो, बटाटा सोलताय की पेन्सिल तासताय?" म्हणत सासूबाईंनी सुरी काढून घेतली.

डाळ पुन्हा उकळली. पातेलं काठोकाठ भरलं. तिघं परत पानांवर बसली.

"आता जरा अळणी वाटतेय," सासरे पुटपुटले.

"मग घ्या की वरून! मीठ समोरच आहे," सासूबाई म्हणाल्या.

सासरे हसले नाहीत, पण जेवले पोटभर.

जेवणं उरकल्यावर सून झाकण ठेवायला गेली. तळाशी एका माणसापुरती डाळ उरली होती. ती तशीच पळी हातात धरून उभी राहिली. सासूबाई मागून आल्या, त्यांनीही वाकून पाहिलं.

मग सासूबाईंनी तिच्या हातातली पळी घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सकाळी उठते मी. तुझ्या डब्यात भरून देते."