रद्द झालेली प्रजाती

"बुवा, तुमच्या पतंगाची प्रजातीच रद्द झाली," भार्गवीनं एकदाचं सांगून टाकलं.

बारा वर्षांपूर्वी तिला देवराईत उंटअळीचा एक नवा पतंग सापडला, तेव्हा तिनं त्याला आपल्या गावच्या कीर्तनकारांचं, अच्युतबुवांचं नाव दिलं होतं. तेव्हापासून बुवा प्रत्येक कीर्तनात त्या इवल्या जिवाचं कौतुक सांगत. आता नव्या वर्गीकरणात ती सगळी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मोडून दुसऱ्या प्रजातीत मिसळली होती.

बुवांच्या हातातली चिपळी थांबली. "मग माझं नावही गेलं?"

"यादी बघायचा धीर होत नाहीये. आपला पतंग जुन्याच एखाद्या जातीतला ठरला असेल, तर गेलं."

"पांडुरंगाचं नाव घे आणि वाच."

तिचं बोट यादीवरून सरकत खाली आलं आणि थबकलं. पतंगाच्या दोन शब्दी शास्त्रीय नावातला पहिला शब्द, प्रजातीचा, बदलला होता. दुसरा तसाच होता, 'अच्युती'.

"आडनाव बदललं, बुवा. नाव आहे!" तिचे डोळे भरून आले.

"मग रडतेस काय? लेक सासरी गेली म्हणायची!" बुवा खळखळून हसले. "तेही माहेरचं नाव न बदलता. सासर भलं दिसतंय हो! उद्याच्या कीर्तनाची खिरापत मात्र वधूपक्षाकडून, म्हणजे तुझ्याकडून."