पोऱ्या

“ए पोऱ्या! काळ्यांचं फाटक मागच्या बाजूला.”

ओरडणाऱ्या गोऱ्या रखवालदाराला अजून धड मिसरूड फुटलं नव्हतं. लूशस टार्पली चाळिशी ओलांडलेला. बेसबॉल संघाचा मॅनेजर तोच, पहिल्या बेसवर उभा राहणारा खेळाडू तोच, आणि बस बंद पडली की तिच्याखाली शिरणाराही तोच.

“तुझ्या लेकाच्या वयाचा आहे मेला!” त्याची बायको व्हर्डेल फणकारली.

“म्हणू दे गं.” लूशस हसला. “आज मी पोऱ्याच दिसायला हवा.”

आज गोऱ्यांच्या मोठ्या संघाचा माणूस खेळाडू हेरायला आला होता. काळ्यांना तिथं आत्ता कुठं जागा मिळू लागली होती. लूशसचं सगळं तारुण्य या दिवसाची वाट पाहण्यात गेलं होतं. सकाळी त्याने पिकलेली मिशी काढून टाकली. वय विचारलं तर तिशी सांगायची, असं नवरा-बायकोचं ठरलं.

मेकन गावात रविवारी लोक चर्चमधून थेट मैदानावर यायचे. बायकांच्या टोप्यांवर पिसं, हातात हातमोजे, मांडीवर तळलेल्या माशांचे डबे. लूशसचं सफाचट तोंड पाहून एकच हशा पिकला.

“व्हर्डेल, नवरा बदललास की काय गं?”

“जुनाच आहे. धुऊन आणलाय!”

शेवटच्या डावात लूशसने चेंडू कुंपणापार धाडला. गुडघ्यात कळ येत होती, तरी चारही बेस तो लंगडेपणा न दाखवता धावला. पिसांच्या टोप्या हवेत उडाल्या. पाद्रीबाबासुद्धा बाकावर चढले.

सामना संपला. खेळाडू हेरायला आलेला तो माणूस मैदानात उतरला, थेट लूशसपाशी आला.

“झकास मारलास.” त्याने लूशसच्या पाठीवर थाप मारली. “दहा वर्षांपूर्वी कुठं होतास रे, म्हातारबा?”

“इथंच होतो, साहेब.”

तो माणूस मान हलवत पुढच्या खेळाडूकडे वळला.

मागच्या फाटकातून बाहेर पडताना लूशस ओठावरच्या उघड्या जागेवरून बोट फिरवत राहिला. व्हर्डेल शेजारून चालत होती. बसजवळ आल्यावर तो थांबला.

“जाताना पोऱ्या, येताना म्हातारबा,” तो म्हणाला. “मधला बाप्या तुला तरी दिसला होता ना गं?”