वाळवीनं खाल्लेली फाईल

बाबांचं तेरावं होऊन आठवडा झाला, तशी आत्यानं तिला कोल्हापूरच्या अभिलेखागारात धाडलं. गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या शिळेवर आजोबांचं नाव घालायला पुरावा हवा होता. फाईल वाळवीनं खाल्ली, असं बाबा तीस वर्षं सांगत आले, आणि ‘आळशानं शोधलीच नसंल,’ म्हणून आत्या टोचत आली. कारकुनानं लाल रुमालात बांधलेली फाईल पुढं ठेवली. एकाही कागदाला भोक नव्हतं. आत आजोबांचा बेचाळीस सालचा माफीनामा होता, आणि त्यांनी पकडून दिलेल्या चार साथीदारांची नावं. ती चारही शिळेवर होती. फाईल पाहणाऱ्यांच्या नोंदीत एकच सही होती, बाबांची. तिनं खाली आपली केली आणि रुमाल बांधला. जिन्यात आत्याचा फोन आला. “घावली का गं?” “न्हाय आत्या. वाळवीनं खाल्लीय.” “मग तीस वरसं उगंच बोलले की त्येला.”