लालबुंद तोंडाचा दाखला

"तुमचं तोंड सारखं लालबुंद होतं ते ह्या गाठीमुळं," डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवलं. किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या फोटोत गाठ निखाऱ्यासारखी चमकत होती. "दारूचा संबंध नाही. पण गाठ साधी नाही, कळतंय ना?"

शिरपा गुरवानं टाळीच वाजवली. "गाठीचं बघू नंतर. आधी ते दारूचं लिहून द्या, डॉक्टरसाहेब!" सहा वर्षं थेंब न चाखता तो गावात बेवडा ठरला होता. देवळातली पूजासुद्धा कमिटीनं काढून घेतली होती.

दाखला आणि पेढे घेऊन तो थेट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, दाखला वाचला.

"गाठ कुठं निघाली?"

"लिव्हरवर."

"मग तेच की रे! दारूशिवाय लिव्हर खराब होतं का कुणाचं?"