शेजारची सीट

तीस वर्षं राजूर घाटातून एसटी चालवलेल्या उकंडरावांनी निवृत्तीनंतर हौसेनं जुनी स्पोर्ट्स कार घेतली. पण तिच्या पॉवर स्टेअरिंगचं ऑइल गळे आणि चाक फिरवताना खांदे भरून येत. दोन मेकॅनिकांनी हात टेकल्यावर गाडी विकायची ठरली. “थांबा,” बायको अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी नळ्या कोरड्या पुसून त्यांवर अंगाची पावडर शिंपडली. “आता गाडी चालू करा.” पांढऱ्या पावडरीवर एका जोडापाशी ऑइलचा लाल ओघळ उमटला. “पाहा, इथून पाझरून राह्यलं!” तिथलं वॉशर बदललं, नवं ऑइल भरलं आणि चाक एका बोटानं फिरू लागलं. “तुले कसं सुचलं वं?” “वावरातल्या ठिबकची गळती कोण हुडकत होतं?” उकंडराव हसले. एसटीत कायम मागं बसलेल्या अन्नपूर्णाबाई बाजाराला निघताना पहिल्यांदा नवऱ्याशेजारी बसल्या. घाट उतरल्यावर मोताळ्याचा बाजार लागला. “बाजार राहू द्या,” त्या म्हणाल्या, “पुन्हा घाटात चाला!”